घरमालकाची अट

छताला भोक पाडायचं नाही, म्हणाला घरमालक.
म्हणून तुइयाने घेतला
आपल्याच चौथऱ्यावर उभा राहणारा खांब.
ताम्पेरेत, तिसऱ्या मजल्यावर,
तुकड्यातुकड्यांनी चढवला. पाठ दुखली.

खालचे काउको, जन्म क्रेनवर गेलेला,
कॉफीला नको म्हणाले, पाणसळ मागितली.
बुडबुडा मध्यावर येईना.
लाकडी जमीनच कलती;
एका कडेखाली रबर सरकवलं.
"हलव आता."
कुठेतरी बोल्ट कुरकुरला.
"त्याचं ऐक आधी."

पाना. पुन्हा पाना.
लटकता दिवा उतरवला, जाड गादी अंथरली,
हाताचं क्रीम तिने पुसून काढलं.

मग चढली. हातभरच.

काउको तिच्याकडे बघतच नव्हते.
चौथऱ्यावर गाल टेकून
ते बुडबुड्याचा श्वास मोजत होते.