विरजण

टाकी मी तीनदा धुतली होती.
गोटे उकळून घेतले, काच पुसली कागदानं,
कोपऱ्यातला दुकानाचा वास जाईपर्यंत.
मग नळ सोडला. डन्डीचं पाणी मऊ,
हातावरचा साबण सुटता सुटत नाही इतकं मऊ.
तळ दिसत होता, जणू टाकीत पाणीच नव्हतं.
त्यात जर्दाळू सोडला.
नाव अन्विताचं, रंगावरून.

पाचव्या दिवशी तो वर येऊन
पाण्याच्या कातडीला तोंड लावून राहिला.
शेपटीत लाल रेघा. पर अंगाशी मिटलेले,
बसथांब्यावर वाऱ्यात उभं राहून माणसं
खिशात हात घालतात तसे.
मासा पाणी केव्हा पितो कळत नाही म्हणे.
गुदमरतो केव्हा, ते कळतं.

निरंजन समुद्रात, तेलाच्या फलाटावर, तीन आठवडे.
फोनवर म्हणाला, अगं, तीन पौंडांचा मासा, दुसरा आण.
मी म्हटलं, हो.
आणि तीन पौंडांच्या माशासाठी
अठरा पौंडांची तपासणीची पेटी आणली.

काचेच्या नळीत थेंब मोजून टाकायचे,
हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं.
पिवळा यायला हवा होता.
आला हिरवा, शेवाळलेल्या पायरीचा.
त्याचंच त्याला बाधत होतं,
आणि ते खाऊन टाकणारं
त्या स्वच्छ पाण्यात कुणीच नव्हतं.
मीच कुणाला ठेवलं नव्हतं.

रोज रात्री तिसरा हिस्सा पाणी काढायचं,
बादलीत नवं भरायचं, क्लोरीन मारणारं औषध घालायचं,
कोपर बुडवून पाहायचं,
अन्विता तान्ही असताना पाहायचे तसं.
आणि खायला काही घालायचं नाही.
हे सगळ्यात अवघड.
आजारी माणसाला भरवायचं, एवढं एकच मला येतं.
तो काचेशी येई, तोंड उघडी, मिटी.
मी डब्याचं झाकण उघडी, मिटी.
अन्विता दारातून विचारी, झोपलाय का?
मी म्हणे, उपास आहे त्याचा.
कसला?
शनिवारचा. (मंगळवार होता.)

खालच्या मजल्यावरचे गेडिस
जिन्यात माझ्या बादलीला अडखळले.
आत या म्हणाले. त्यांची टाकी अकरा वर्षांची,
पाणी किंचित पिवळट, कोऱ्या चहात बर्फ वितळल्यासारखं,
आणि त्यात तळहाताएवढे दोन मासे
निवृत्त हेडमास्तरांसारखे फिरत होते.
त्यांनी गाळणीतला स्पंज अर्धा कापला,
काळपट, बुळबुळीत, नाकाला लागणारा,
आइस्क्रीमच्या डब्यात घातला.
धुऊ नको, म्हणाले.
दोनदा म्हणाले. माझे हात पाहिले असणार.

जिना चढताना एकदम कळलं की हे काय आहे.
हे मला येतं.
वाटीत चमचाभर आणायचं शेजारून,
कोमट दुधात सोडायचं, झाकायचं,
आणि मग सारखं उघडून पाहायचं नाही.

नाही पाहिलं. म्हणजे, दोनदाच पाहिलं.

नवव्या दिवशी नळी फिकी झाली.
बाराव्या दिवशी पिवळी,
हळदीचा हात धुतलेल्या पाण्यासारखी.
जर्दाळू तळाशी गोटे तोंडात घेऊन थुंकत होता,
घर लावणारी बाई भांडी हलवते तसा.
एका पराची कड विरलेली आहे अजून.
ती येईल भरून किंवा नाही येणार.
वाटाणा उकडला, साल काढली, चिमटीत कुस्करला.
त्यानं घेतला, थुंकला, परत घेतला.

डबा रिकामा परत देऊ नये.
मी तो गरम पाण्यानं धुतला,
(तो धुतला तर चालतं)
रात्री दही लावलं त्यात,
सकाळी खाली नेऊन दिलं.
गेडिसनी झाकण उघडलं, वास घेतला,
चष्मा कपाळावर सरकवून
मला गंभीरपणे विचारलं,
हे टाकीत कुठल्या बाजूला ठेवायचं?