दोनदा सतरा

लेन्सच्या गळ्यात मी ओळंबा बांधला,
गवंड्याकडून मागून आणलेला, टोकाला झिजलेला.
तो डोलायचा थांबेपर्यंत
हेआमोनी शिडीच्या पायाशी श्वास धरून बसला.

खाली कापड.
चर्चच्या सभागृहात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
आणि तरी निम्मं अजून गुंडाळलेलं.
तुतीच्या सालीचं, ठोकून ठोकून पातळ केलेलं,
सालीला साल खळीनं जोडलेली.
हाआपाईच्या बेटांवर अशी कापडं
लग्नाला येतात, मढ्याखाली जातात,
भिंतीवर कुणी टांगत नाही.
मग फोटो काढायचा तर वरूनच,
नारळ पडतो तसा सरळ.

तिरकं चालत नाही.
केसभर कललात की चौकोन पाय पसरतो.
म्हणून जमिनीवर आरसा ठेवायचा, दाढीचा,
आणि वरून बघायचं:
लेन्सला लेन्सच दिसली, अगदी मधोमध,
तर आपण सरळ.
मला प्रत्येक वेळी आधी माझं कपाळ दिसलं.
ते बाजूला व्हायला वेळ लागतो.

बांधकामावरचे चार पाइप, दोन फळ्या, चाकं.
ढकला. थांबा. ओळंबा. आरसा. खटका.
दिवे दोन्हीकडून, पंखे बंद,
आणि घामाचा थेंब खाली पडता कामा नये;
फडकं बांधून मी
देवाच्या छताला पाठ टेकवून पालथा.
शनिवार होता. मध्यरात्रीच्या आत संपवायचं.
रविवारी इथे कुणी खिळासुद्धा ठोकत नाही.

कापडाच्या कडेला आकडे असतात,
बायांनी रंगवत, मोजत नेलेले,
एकपासून पन्नासपर्यंत.
माझ्या प्रत्येक फोटोत दोन आकडे,
पुढच्यात त्यातला एक पुन्हा,
म्हणजे सांधा जुळतो.

पंधरा, सोळा.
सोळा, सतरा.
सतरा, सतरा.

चाकं नीट ढकललीस ना?
ढकलली, हेआमोनी म्हणाला, दुखऱ्या आवाजात.
मी मागचा फोटो काढून पाहिला.
आधीच्या सतराखाली पानाएवढा डाग, पुढच्याखाली नाही.
एक सतरा जाड, मांडी ठोकून बसलेला.
दुसरा बारीक, मान वर.

दाराशी लोसालिने, कमरेला चटई,
एका फाटक्या कोपऱ्याला खळ लावत होती.
"जाड माझा," ती म्हणाली, वर न बघता.
"बारीक एसेताचा.
आमचा अबोला होता तेव्हा."
कशावरून?
"डुकरावरून. तिचं डुक्कर, माझी रताळी.
मी सतरा लिहिला. पुढचा भाग तिचा.
तिनं माझा मोजलाच नाही."
आणि बाकीच्या बाया?
"हसत होत्या. खळ वाळत होती.
खळ कुणासाठी थांबते?"

एसेता आता कुठे असते?
"ऑकलंडला, मुलीकडे. तीस वर्षं झाली."
बोट खळीत बुडालं, वर आलं.
"पैसे पाठवते. छपरासाठी.
चर्चच्या नावानं."

मग तिनं पडद्यावर फोटो बघायला मागितला.
नक्षीवरून नजर नुसती घसरली.
अंगठ्यानं बारीक सतरा मोठा केला,
पडद्यावर मावेनासा होईपर्यंत.
"शेपटी बघ त्याची," म्हणाली. "कायम अशीच."
काचेवर खळ राहिली. मी पुसली नाही लगेच.

साडेअकराला शेवटचा फोटो.
घडी घालायला सहा जण लागले,
ओरडायला एकटी लोसालिने पुरली.

आता टेबलावर नोंदवही उघडी.
एक रकाना आहे: किती भाग?
कापड म्हणतं पन्नास.
मी त्यावरून रांगत गेलोय, एक्कावन्न आहेत.
आणि संगणक फोटो जुळवताना
दोन्ही सतरा एकमेकांवर चढवतो,
त्याला वाटतं जागा एकच.
मी एकाला धरून ओढतो, शेजारी बसवतो.
पुन्हा चढतो.
पुन्हा बसवतो.