ओरुरोतली चौथी वायर

सातुर्निना प्लग काढते, नखानं खरवडते.
तीन काळेभोर. "इथली हवाच विरळ,
पेट्रोल अर्धपोटी जळतं."
चौथा ओला. हुंगते. ऑइल नाही.

फटीत करवतीचं पातं सरकवून बघते,
मग पहिल्याची वायर चौथ्याला जोडून
प्लग इंजिनाला टेकवते. "मार स्टार्टर, एलोय."
ठिणगी: निळी, खणखणीत.
म्हणजे प्लगवर उगाच आळ.

सगळं पुन्हा जागच्या जागी. ती उठते
आणि गॅरेजचा दिवा मालवते.
"आता कर चालू."

तीन पायांवर लंगडतं इंजिन,
आणि अंधारात, चौथ्या वायरीच्या मधोमध,
निळसर काहीतरी चुटचुट गळतंय,
कधीपासून कोण जाणे.

एलोय बघत राहतो, जरा जास्तच.
"सुंदर आहे."
"चाळीस बोलिव्हियानो,"
ती दिवा लावते.