हू की चू

सावळज रोडच्या शेडवर बेदाणा निवडायला बेचाळीस बायका
आणि वजनं मांडायला मी,
बी.ए. तिसरं वर्ष, स्पेशल इंग्लिश.
कानात मॅडमचा आवाज:
नाम अनेकवचनी झालं की त्याला स लागतो,
मग क्रियापदाचा स गळतो.
मला ते क्रेटसारखं दिसायचं.
एकच दाणा, इकडून काढून तिकडे टाकलेला.
वजन तेवढंच.

आपल्यात कसं, जे ते, ज्या त्या, जी ती.
बाप्यांचं निराळं, बायांचं निराळं,
पोरं तर नपुंसकलिंगातच वाढतात.
इंग्रजीत सगळ्यांना मिळून एक हू.
एक असो नाहीतर बेचाळीस, तो बदलत नाही.
देठासारखा मधे उभा,
एका टोकाला नाव,
दुसऱ्या टोकाला त्या नावाची चुगली.

कमळाक्कांना हे सांगितलं तर त्या खोकेपर्यंत हसल्या.
"म्हंजे तस्लीम, आमच्यावानीच की.
आमी बी हू न्हाई की चू न्हाई."

शनिवारी पत्र्याच्या दारावर नोटीस लागली.
शेठचा जिनेंद्र पुण्याला शिकून आलेला,
सोमवारी माल बघायला परदेशी पाहुणे येणार,
म्हणून इंग्रजीत.
ज्या बायका उशिरा आल्या त्यांना बोनस नाही,
एवढंच त्याला म्हणायचं होतं.
पण त्यानं हूच्या आधी एक स्वल्पविराम टाकला
आणि लेटच्या नंतर एक.

मी वाचलं. परत वाचलं.
आता ते वाक्य कुणाला निवडत नव्हतं.
चाळणीचा शिक्का झाला होता:
बायका (त्या तर उशिराच आल्या) त्यांना बोनस नाही.
बायका म्हणजे सगळ्या.

उशीर झाला होता सहा जणींना.
मणेराजुरीची एसटी पंक्चर होऊन रस्त्यात बसली त्या मंगळवारी.
कमळाक्का, शेवंता, दोघी जावा,
झुलेखाचाची,
आणि जिचं नाव माझ्या वहीतसुद्धा
"बनाबाईची सून" एवढंच आहे ती.

मी नख लावलं.
पहिला स्वल्पविराम खरवडला, शाई नखात आली.
छत्तीस जणी सुटत होत्या.
मोठ्यानं समजावून सांगितलं मी, फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं:
ही दोन टिंबं गेली की फक्त ज्या आल्या त्याच,
बाकीच्यांचा संबंध नाही.

"ज्या आल्या त्याच," झुलेखाचाची म्हणाल्या,
आणि हात पुन्हा ट्रेत घातला.

मग गोदाक्का उठल्या.
वेळेवर येणाऱ्यांतल्या. कुणाच्याही आधी येणाऱ्या.
"ऱ्हाऊ दे गं ते टिंब.
बेचाळीस जणींनी उशीर केला म्हन.
म्हैनाअखेरीला पैशे वाटताना
निवडू दे की त्याला, सोताच्या हातानं.
आमी निवडतो तसं, देठ न्यारं, दाना न्यारा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
एक म्हणाली, माझ्या पोराची फी हाय.
तिच्याकडे कुणी बघितलं नाही,
मीही नाही.

कानावरचं पेन काढून मी स्वल्पविराम परत द्यायला गेले.
कागद खरवडून पातळ झालेला.
निब आरपार गेली.

सोमवारी पाहुणे आले, दाराचा फोटो काढला.
एकानं वाकून विचारलं, इथं काय होतं?
जिनेंद्र माझ्याकडे बघत होता.
एका अंगाला स्वल्पविराम,
एका अंगाला भोक, त्यातून दिसणारा गंजका पत्रा,
आणि मधे हू.

काहीतरी होतं सर, मी म्हटलं,
जे असतं तर आम्ही सगळ्या
त्यात आलो असतो.