तास

आईने मक्याची दोन तासं वाढवून
पार ओढ्याच्या पाण्याला भिडवली,
त्या वर्षी मी बोमेटच्या शाळेत गेले.
त्या तासांवर माझे तास भागले:
भूगोल, गणित, जीवशास्त्र.
रानउंबर तेव्हाच पडले. कोळसाही आम्हीच विकला.

आता मी गुडघाभर पाण्यात उभी, खिशात चिमटा.
जाळीच्या पिशवीत दहा ग्रॅम वाळली पानं
दगडाला बांधून ठेवते,
महिन्याने येऊन बघते
कोणी किती खाल्लं.

वर, जंगलात, पिशवी उघडली की
पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या
आणि आत एक खेकडा, रागावलेला.
इथे पानं जशीच्या तशी,
वर गाळाचा पापुद्रा.
सावली नाही, म्हणून पाणीही कोमट,
उष्टं ठेवल्यासारखं.
दगड उलटला:
वाळूचे कण चिकटवून अळीने बांधलेलं घर,
तांदळाएवढं.
रिकामं.

काठावर कणसं सोलत आई विचारते,
"सापडलं काही?"
"नाही."
"पूर्वी घागर बुडवली की बोटाला चावायचे."
मी म्हणते, काठ सोडायला हवा. सहा मीटर.
ती मनातल्या मनात मोजते.
"म्हणजे आठ तासं," ती म्हणते.
"चेरोतिचची अजून दोन वर्षं राहिलीत."

मी वहीत शून्य लिहिते.

एप्रिलमध्ये मका गुडघ्याला आला.
पाण्यालगतचं एक तास मोकळंच होतं,
त्यात गवत.
बी पुरलं नाही, की तिने सोडलं,
मी विचारलं नाही.