खाडाखोड

रानडे इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत,
पंखा तीनवर अडकलेला,
मी तुमची पत्रं मराठीत आणते आहे, महाशय.
एकशे चौदा आहेत. आज सत्तेचाळिसावं.

तुम्ही लिहिता, काल सिंफनीचे दोन भाग विस्तवात घातले.
विस्तव कुठला? तुमच्या दिवाणखान्यातल्या त्या
संगमरवरी कोनाड्याला आमच्याकडे शब्द नाही.
चूल लिहिलं, खोडलं. शेगडी. तेही खोडलं.
संध्याकाळपर्यंत तुमची सिंफनी
माझ्या टेबलावर चारदा जळली.

नवल एवढंच,
दुसऱ्यांच्या मैफलींवर लिहिताना हात किती सैल तुमचा!
कुणा पोराच्या पहिल्या रचनेला अडीच रकाने,
फसलेल्या जागेलाही ‘इथे धीर दिसतो’.
स्वतःपाशी आलात की
डोळ्याला सोनाराचं भिंग.

विषय निघालाच आहे तर सांगते.
आमचे भाऊ शुक्रवारात राहायचे, पतपेढीत रोखपाल.
दार लावून दिलरुबा वाजवायचे.
कॅसेट एकच, नव्वद मिनिटांची.
रविवारी मारवा भरायचा,
ऐकायचा, ‘छे’ म्हणायचं,
पुढच्या रविवारी त्याच्यावरच नवा.
ते गेल्यावर मी लावली.
एक मिनिट अकरा सेकंद मारवा,
खुर्ची सरकल्याचा आवाज,
मग ‘छे’.
यंत्र बंद करायचं विसरले असणार,
कारण पुढे बाजू संपेपर्यंत
बाजीराव रोडवरच्या रिक्षा.
ते ‘छे’ मात्र, मी पेटीवर ताडून पाहिलं,
नेमकं कोमल रिषभावर आहे.

तर सत्तेचाळिसावं पत्र. शेवटची ओळ:
जे जाळलं ते त्याच लायकीचं होतं, कदाचित.
यातलं ‘कदाचित’ तुम्ही खोडलंय.
छायाप्रत खिडकीच्या काचेवर धरली
तेव्हा कुठे रेघेखालून वर आलं.
मीही लिहिलं. मीही रेघ मारली.
तसंच पाठवलं.

नारायण पेठेतून खांबेट्यांचा फोन,
मुद्रितं तेच तपासतात:
‘बाई, एक खोडलेला शब्द चुकून राहिलाय. काढू?’
राहू द्या.
‘मग रेघ काढू?’
रेघही राहू द्या. बारीक ठेवा फक्त,
खालचं वाचता आलं पाहिजे.

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज.
‘मग खाली टीप टाका,’ ते म्हणाले,
‘नाहीतर लोक मला बोलतील.’