ऑक्टोबरातली वही

बाकुरियानीत अजून बर्फ नाही.
उतारावर गाई चरतात,
लिफ्टच्या खुर्च्या रिकाम्या लटकलेल्या,
आणि माझ्या दुकानात फोन वाजायला लागलेत.

मी लामझिरा. भाड्याने बूट देते, स्की देते,
आणि न विचारता सल्ला.
वहीत चार रकाने: नाव, पाऊल, वजन, वय.
पाचवाही आहे, जरा अरुंद:
माणूस स्वतःला काय समजतो.

कुताइसीहून गुरांदाचा फोन. शाळेत भूगोल शिकवते,
दोन मुलं, बर्फावर कधी उभी राहिलेली नाही.
"नव्या वर्षाला यावं म्हणते."
नको बाई. तेव्हा अख्खं तिबिलिसी इथं असतं,
खोल्या दुप्पट, लिफ्टखाली रांग,
आणि बर्फ, तो आला तर आला.
सात तारखेचा नाताळ घरी करा,
जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात या.
जीन्स नको. मोज्यांवर मोजे नकोत,
एकच जोड, पातळ, गुडघ्यापर्यंत.
बूट सैल नको, चावायलाही नको;
बोटांनी पुढची भिंत नुसती ओळखावी,
शेजारीण ओळखावी तशी.
"आणि पहिल्या दिवशी काय शिकायचं?"
पडायला. कुशीवर.
"मग?"
मग उठायला. त्याला जास्त वेळ लागतो.

बातुमीच्या पोराला स्नोबोर्ड हवाय.
कुठला पाय पुढे, त्याला माहीत नाही.
समोर असता तर पाठीत हलकेच ढकललं असतं,
जो पाय सावरायला धावतो, तो पुढचा.
फोनवरून कसं ढकलणार?
म्हटलं, भाऊ आहे ना, त्याच्याकडे दे फोन.
मग धप्प, भांडं पडल्याचा आवाज, एक शिवी,
आणि भावाचा आनंदी स्वर: "उजवा!"
लिहिलं: उजवा.

बाकी सगळे खोटं बोलतात.
कुणी वजनात पाच किलो, कुणी वयात दहा वर्षं,
आणि चार हिवाळे काढलेले तर
पाचव्या रकान्यात मावत नाहीत.
मी रागावत नाही. एवढंच सांगते,
बाइंडिंगचा स्क्रू मी याच आकड्यांवर पिळते.
वजन चोरलंत तर स्की भलत्याच वळणावर निघून जाईल,
वय चोरलंत तर पडतानाही सुटणार नाही,
आणि स्की सुटली नाही की गुडघा सुटतो.
पलीकडे जरा शांतता.
मग खरा आकडा येतो, कुजबुजत,
जणू बाजूच्या खोलीत कुणी झोपलंय.

ओतारी काहीच विचारत नाही.
पूल बांधायचा, आता निवृत्त.
बावीस वर्षं तोच शेवटचा आठवडा,
तीच चुलीकडची खोली, तेच काळे बूट.
"लामझिरा, मी आहे. लिही."
आणि मी गेल्या वर्षीची ओळ उतरवून घेते.
पाइनच्या कोवळ्या शंकूंच्या मुरंब्याची
एक बरणी त्याच्यासाठी बाजूला काढायची,
हे कुठे लिहावं लागत नाही.

यंदा म्हणाला, "लिही. सगळं तेच.
फक्त बाइंडिंग साडेसहा नको. चारवर ठेव."
चार?
"चार."
पूल बांधलेल्या माणसाला
भार कशाला समजावू?
उतार वरचाच ना, विचारलं.
"बघू," म्हणाला, "बर्फ कसा पडतो ते."
आणि नेहमीसारखा लगेच ठेवला नाही फोन.

वहीत वरच्याच ओळीत गुरांदा.
आठवडा तोच. आकडा चार.
मी पेन खाली ठेवलं, स्क्रूड्रायव्हर घेतला.
तीन महिने आहेत अजून, घाई कशाची,
तरी दोन्ही जोड पिळून ठेवले
आणि एकाच फळीवर उभे केले.

बाहेर तेंगिझ गाई हाकत खाली निघालेला,
खिडकीशी थांबून ओरडला,
"वारा फिरला! वास येतोय बर्फाचा!"
रोज ओरडतो, ऑक्टोबर लागला की.
वीसदा चुकतो.